मुंबईत काय पाहावे?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्या आधीच्या वक्त्यांनी धर्म, इतिहास आणि समाजकार्य यांवर अत्यंत मोलाचे विचार मांडले. मला मात्र संयोजकांनी ‘मुंबईतील प्रेक्षणीय स्थळे’ असा काहीसा हलका वाटणारा विषय दिला. महोत्सवी वर्षात पाठशाळेच्या मुलांची सहल मुंबईला न्यायची आहे, तेव्हा काय दाखवावे ते सांगा, एवढीच त्यांची अपेक्षा. ती पूर्ण करण्याचा प्रयत्न करतो.

आपल्यापैकी मुंबईला न गेलेला माणूस शोधूनही सापडणार नाही. कुणी लग्नाचा बस्ता बांधायला जातो, कुणी मालाच्या खरेदीला, कुणी रुग्णाला घेऊन, कुणी परदेशी निघालेल्या मुलाला विमानतळावर पोचवायला. मुंबईला जाणारे पुष्कळ, पण मुंबई पाहणारे थोडे. आणि पाहणारेही गेटवे, चौपाटी, राणीचा बाग एवढे पाहून सायंकाळची गाडी पकडतात. त्यांना मी दोष देत नाही. पण एखाद्या इमारतीसमोर उभे राहिल्यावर तिची उंची आणि नक्षी पाहण्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत, अशी माझी विनंती आहे : ही वास्तू कोणी दिली, कशासाठी दिली आणि आज ती कोण सांभाळते? मुंबईतील बऱ्याच जुन्या वास्तूंच्या भिंतींवर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोरलेली आहेत. तिसऱ्याचे उत्तर बहुधा कुठेच लिहिलेले नसते.

आरंभ राजाबाई टॉवरपासून करू. ओव्हल मैदानावर उभे राहून विद्यापीठाकडे पाहिले की, सुमारे २८० फूट उंचीचा हा घड्याळाचा मनोरा दिसतो. तो पाहायची उत्तम जागा मैदानच. मुलांना वर चढता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवावे. मनोरा आणि त्याच्या पायाशी असलेले विद्यापीठाचे ग्रंथालय यांची देणगी प्रेमचंद रायचंद यांची. सुरतेत १८३१ साली जैन कुटुंबात जन्मलेला हा माणूस मुंबईच्या कापसाचा आणि रोखेबाजाराचा अनभिषिक्त राजा होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या भरभराटीच्या काळात प्रेमचंदांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. पुढे १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि प्रेमचंदांचेही मोठे नुकसान झाले. मनोऱ्याची कोनशिला बसली ती १८६९ मध्ये, म्हणजे या पडझडीनंतर. बांधकाम पुरे झाले १८७८ मध्ये. दात्याचे वैभव ओसरले, पण दिलेले दान उभे राहिले. आणि एवढे देऊन त्यांनी नाव मागितले ते स्वतःचे नव्हे, आईचे.

या आईविषयी एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. राजाबाई दृष्टिहीन होत्या आणि सूर्यास्तानंतर अन्न न घेण्याचा त्यांचा नियम होता. मनोऱ्याच्या घंटेमुळे कुणाला न विचारता त्यांना वेळ कळे, असे सांगतात. आख्यायिका आहे, तेव्हा तिला आख्यायिका म्हणूनच ऐकावे. परंतु चौविहार पाळणाऱ्या घरात वाढलेल्या कुणालाही ती खोटी वाटत नाही, हेही तितकेच खरे. गंमत अशी की, एके काळी त्याच घंटांवर इंग्रजी राजाच्या स्तुतीची धून वाजे!

मनोऱ्याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या विख्यात इंग्रज वास्तुविशारदाचा. त्यांनी मुंबईत कधी पाऊलही ठेवले नाही. लंडनमध्ये बसून नकाशे केले. वर कोनाड्यांत मात्र पश्चिम भारतातील निरनिराळ्या ज्ञातींच्या माणसांच्या मूर्ती आहेत, त्या घडवणारे रावबहादूर मकुंद रामचंद्र हे इथले अभियंते होते. मूर्तींची संख्या चोवीस. ही संख्या ऐकताच आपल्या मनात जे येते ते क्षणभर बाजूला ठेवावे. तो केवळ योगायोग आहे. अलीकडे, २०१३ ते २०१५ या काळात, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या अर्थसाहाय्याने मनोऱ्याची आणि ग्रंथालयाची शास्त्रशुद्ध डागडुजी झाली. पुढे २०१८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत विभागाच्या वारसा-जतन पुरस्कारांत तिचा गौरव झाला. त्याच वर्षी ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको शैलीच्या ९४ इमारतींचा समूह जागतिक वारसा म्हणून जाहीर झाला. मैदानाच्या मध्यभागी उभे राहिलात तर एका हाताला एकोणिसावे शतक आणि दुसऱ्या हाताला विसावे शतक, असे दृश्य दिसते. तिकीट लागत नाही.

तिथून पाच-सात मिनिटांवर काळा घोडा. या टापूत डेव्हिड ससून यांच्या नावाचे ग्रंथालय आहे, १८७० मधले. बगदादी ज्यू व्यापाऱ्याचे दान आणि आत वाचणारे सर्व धर्मांचे. जवळच फोर्टात रतनसी मुळजी जेठा यांचे कारंजे आहे. कापसाच्या या व्यापाऱ्याने अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ ते उभारले. शिखरावर हातात पुस्तक घेतलेला मुलगा बसलेला आहे. कितीतरी माणसे रोज तिथून जातात. मान वर करून त्या मुलाकडे पाहणारे विरळाच. आपल्या मुलांना तो अवश्य दाखवावा. या कारंज्याची दुरुस्तीही अलीकडचीच आणि तिचाही युनेस्कोने २०१८ मध्ये सन्मान केला.

याच काळा घोडा भागात एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुने वॉटसन्स हॉटेल आहे. इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी खांब आणि तुळया जहाजातून आणून १८६० च्या दशकात ही इमारत जोडली गेली. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात प्रथम दाखवली गेली ती इथेच. पुढे मालकी, भाडेकरू आणि दुरुस्तीचा खर्च यांच्या कात्रीत इमारत सापडली; २००५ साली सज्जाचा एक भाग कोसळला आणि २००६ मध्ये जगातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचे नाव गेले. मुलांना सुंदर इमारती दाखवतो तशी हीदेखील दाखवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. राजाबाई टॉवर आणि ही इमारत एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. दोहोंचे वय जवळजवळ सारखेच.

आता वस्तुसंग्रहालय. पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आताचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. कोनशिला १९०५ ची, इमारत १९१४ मध्ये तयार झाली, परंतु महायुद्धामुळे आधी तिथे लष्करी रुग्णालय आले आणि लोकांसाठी ती उघडली ती १९२२ मध्ये. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी घुमटाची कल्पना विजापूरच्या गोल घुमटावरून घेतली. आतील संग्रह प्रामुख्याने घराघरांतून आलेला : सर रतन टाटा, सर दोराबजी टाटा यांनी जमवलेल्या वस्तू, शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा १९१५ मध्ये घेतलेला संग्रह. ज्यांनी आयुष्यभर हौसेने जमवले, त्यांचा ठेवा आज सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे.

या संग्रहात श्रवणबेळगोळहून आलेली बाहुबलींची कांस्यमूर्ती आहे, सुमारे नवव्या शतकातील. श्रवणबेळगोळचा ५७ फुटी बाहुबली आपण महामस्तकाभिषेकाच्या वेळी मान मागे टाकून पाहिला आहे. ही मूर्ती लहान, हातांत उचलता येईल अशी वाटणारी. पण कायोत्सर्ग मुद्रा तीच, अंगावर चढलेल्या वेली त्याच, आणि चेहऱ्यावरचा भाव इतक्या जवळून पाहायची संधी पर्वतावर मिळत नाही. मी तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो आहे. देवळात आपण नमस्कार करतो, डोळे मिटतो. इथे डोळे उघडे ठेवून पाहायचे असते, एवढाच फरक. पार्श्वनाथांची एक अतिप्राचीन कांस्यमूर्तीही याच संग्रहातली. तिच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, परंतु भारतात मिळालेल्या सर्वांत जुन्या जैन कांस्यमूर्तींत तिची गणना होते. दालनांची मांडणी अधूनमधून बदलत असते, म्हणून आत शिरताच या मूर्ती कुठे आहेत ते विचारून घ्यावे. नाहीतर मुले शस्त्रास्त्रांच्या दालनात रमतात आणि वेळ तिथेच संपतो.

टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची इमारत, १८३३ ची. समोरच्या पायऱ्या चित्रपटांमुळे सर्वांच्या ओळखीच्या. या सोसायटीच्या संदर्भात एक नाव सांगतो, ते आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल : पंडित भगवानलाल इंद्रजी. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये त्यांनी उकरला आणि तिथले अवशेष सोसायटीकडे आले. ओरिसातील हाथीगुंफेचा लेख उलगडून खारवेल राजाचा इतिहास जगासमोर आणण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. तो लेख अरिहंत आणि सिद्ध यांना नमस्कार करून सुरू होतो, हे आपण अभिमानाने सांगतो. तो वाचण्यासाठी ज्याने आयुष्य झिजवले, त्याचे नाव मात्र सांगत नाही. १८८८ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसविषयी फार बोलत नाही, कारण आपण सर्वजण तिथे उतरतोच. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांची रचना, १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे काम, २००४ पासून जागतिक वारसा. एकच सुचवतो : उतरल्यावर टॅक्सी शोधण्याआधी रस्ता ओलांडून समोर जावे आणि दगडातली पाने, पक्षी, माकडे पाहावीत. ही नक्षी करण्यात सर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. आणि ते विद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले सर जमशेटजी जीजीभाई यांनी देऊ केलेल्या एक लाख रुपयांतून. एका दानातून शाळा झाली आणि शाळेतल्या मुलांनी स्थानक सजवले. गेटवे ऑफ इंडियालाही जावे, तिथे गेल्याशिवाय मुले ऐकणारच नाहीत. राजाच्या आगमनाच्या स्मरणार्थ योजलेली ती कमान १९२४ मध्ये पूर्ण झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण तिच्याखालूनच निघून गेली. मला त्या कमानीतले सर्वांत चांगले काय वाटते, तर हे दुसरे वाक्य.

आता आपल्या ओळखीच्या, पण आपण न पाहिलेल्या मुंबईकडे वळू. पायधुनीला गोडीजी पार्श्वनाथांच्या दर्शनाला आपण जातो. त्या देरासराची प्रतिष्ठा १८१२ ची. २०१२ मध्ये त्याची द्विशताब्दी साजरी झाली. दर्शन झाले की आपण चप्पल घालून थेट बाजारात शिरतो. तसे न करता भुलेश्वरच्या पांजरापोळपर्यंत चालत जावे. मुंबईत १८३२ मध्ये सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, त्यावरून लोक खवळले, दंगल झाली. पुढे १८३४ मध्ये पारशी समाजाचे जमशेटजी जीजीभाई आणि जैन समाजाचे शेठ मोतीशा यांनी मिळून ही पांजरापोळ स्थापन केली. शेठ मोतीशांचे नाव आपल्याला शत्रुंजयावरील टुंकेमुळे आणि भायखळ्याच्या देरासरामुळे माहीत आहे. शहराच्या ऐन गर्दीत गाईंचे गोठे पाहून मुलांना आश्चर्य वाटेल. त्यांना दंगलीची गोष्टही सांगावी. करुणेसाठी रस्त्यावर उतरलेली माणसे आणि नंतर तिच्यासाठी कायमची व्यवस्था लावून देणारी माणसे, दोन्ही त्यांना कळली पाहिजेत.

तिथून सी. पी. टँकला हिराबाग. शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या दानशूरतेची ही खूण. याच हिराबागेतून नाथूराम प्रेमींनी ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर’ चालवले आणि माणिकचंद ग्रंथमालेतून कितीतरी प्राचीन जैन ग्रंथ छापले. आपल्या ट्रस्टच्या कपाटात त्या मालेतील पुस्तके असतील तर त्यांचे मुखपृष्ठ उघडून पाहा. हिराबागेचा पत्ता मिळेल. मशीद बंदराकडे भात बाजारात केशवजी नायक यांचे कारंजे आहे, १८७६ चे. कच्छी जैन व्यापारी. पालिताण्याला त्यांचीही टुंक आहे. धान्याच्या गोणी वाहणाऱ्या माणसाला आणि बैलाला पाणी मिळावे म्हणून बाजाराच्या मध्यभागी बांधलेली एवढी देखणी पाणपोई मी अन्यत्र पाहिलेली नाही.

मलबार टेकडीवर बाबू अमीचंद पन्नालाल यांचे आदीश्वर देरासर (१९०४), दारातले दोन हत्ती, आत रंगवलेला घुमट. हे बहुतेकांनी पाहिले आहे. तिथून उतारावर बाणगंगा. शिलाहारांच्या काळातले हे तळे, समुद्राच्या इतके जवळ असून गोड्या पाण्याचे. तिथे अर्धा तास नुसते पायऱ्यांवर बसावे. त्यानंतर गावदेवीच्या बाजूला उतरून मणिभवन. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की इथे राहत. हे घर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे, आणि त्यांच्याच नावाने चालणाऱ्या जवाहिरांच्या पेढीत भागीदार होते श्रीमद् राजचंद्र. विलायतेहून १८९१ मध्ये परतलेले बॅरिस्टर गांधी मुंबईत राजचंद्रांना भेटले, त्या भेटीचा त्यांच्यावर झालेला परिणाम त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवला आहे. गांधी स्मारक निधीने १९५५ मध्ये हे घर घेतले, म्हणून ते आज आहे. जवळच गोवालिया टँक. गोकुळदास तेजपाल या भाटिया दात्याच्या संस्कृत पाठशाळेत डिसेंबर १८८५ मध्ये ७२ प्रतिनिधी जमले आणि राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. पाठशाळेसाठी इमारत देणाऱ्याच्या मनात तेव्हा संस्कृतचे वर्गच असणार.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत मुले प्राणी पाहायला धावतील. त्यांना आधी दारातल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात न्यावे. नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी आणि जॉर्ज बर्डवुड यांच्या खटपटीने लोकवर्गणी जमून १८७२ मध्ये ते उघडले. बाहेर दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला ‘एलिफंटा’ नाव दिले तोच. इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला, तुकडे जोडून पुन्हा उभा केला. या संग्रहालयाची स्थितीही मध्यंतरी त्या हत्तीसारखीच झाली होती. मग मुंबई महानगरपालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी एकत्र येऊन २००३ पासून काही वर्षे दुरुस्ती केली. २००५ मध्ये युनेस्कोचा सर्वोच्च जतन-पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये दारे पुन्हा उघडली. आत गेल्यावर छताकडे पाहावे. ते रंग, तो सोनेरी मुलामा, ते लोखंडी खांब मूळचेच. फक्त कुणीतरी काळजीने पुसून, निगा राखून पुन्हा दिसते केले आहेत.

नवे देऊळ बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे आपले गुरुमहाराज सांगत आले आहेत. तरीही पायाभरणीच्या बोलीला जी चढाओढ लागते ती गळक्या छपराच्या दुरुस्तीला लागत नाही, हा सर्वच विश्वस्तांचा अनुभव आहे. महोत्सवाचा निधी नव्या सभागृहाला द्यावा की जुन्या धर्मशाळेच्या लाकडी माडीला, ही चर्चा आपल्याकडे सध्या चालू आहे, हे मला ठाऊक आहे. तिचा निकाल देण्याचा मला अधिकार नाही. परंतु समितीच्या सदस्यांनीही सहलीबरोबर यावे आणि निर्णयापूर्वी एकदा भायखळा व काळा घोडा या दोन्ही ठिकाणी उभे राहावे, असे मात्र सुचवतो.

शेवटचा दिवस कान्हेरीसाठी राखून ठेवा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. घारापुरीचा भव्य सदाशिव पाहून माणूस दिपतो. कान्हेरीत वेगळे काही घडते. इथे भिंतींवर दात्यांचे लेख आहेत : कल्याणचा व्यापारी, सोपाऱ्याचा व्यापारी, कुणी सोनार, कुणी भिक्षुणी. कुणी लेणे दिले, कुणी पाण्याची टाकी, कुणी बसण्याचा ओटा. काहींनी ‘अक्षयनीवी’ दिली, म्हणजे मूळ रक्कम मोडायची नाही, तिच्या व्याजातून भिक्षूंची गरज भागवायची. आणि नवव्या शतकातील शिलाहारकालीन लेखात तर दात्याने आपल्या द्रम्मांची वाटणीच सांगितली आहे : इतके पूजेसाठी, इतके दुरुस्तीसाठी, इतके वस्त्रांसाठी, इतके ग्रंथांसाठी. ‘दुरुस्ती’ हे खाते अकराशे वर्षांपूर्वी दगडात कोरलेले आहे! आपल्या मुनीमजींनी ते अवश्य पाहावे.

कान्हेरीला पावसाळा नुकता सरल्यावर जावे; डोंगरावरून टाक्यांकडे जाणाऱ्या पन्हाळी तेव्हा पाण्याने भरलेल्या दिसतात. सकाळी लवकर निघावे, माकडांपासून डबे सांभाळावेत. संग्रहालये कोणत्या वारी बंद असतात ते आधी विचारावे; घारापुरी सोमवारी बंद असते. मुलांच्या हाती एक वही द्यावी आणि जिथे दात्याचे नाव दिसेल तिथे ते उतरवून घ्यायला सांगावे. तीन दिवसांत वही भरेल. बोरिवलीहून परतताना सूर्यास्तापूर्वी जेवण व्हायला हवे, तेव्हा दुपारी साडेतीनला लेण्यांवरून उतरायला लागावे, एवढी सूचना सहलप्रमुखांना करतो आणि आपली रजा घेतो. जय जिनेंद्र.